दोरीबाहेरच्या आत्याबाई

"ऐकू आलं न्हाई, बाय."

हे त्या माझ्याकडे न बघता म्हणत. मैदानाच्या कडेला लिंबाखाली उभ्या, पदर कमरेला खोचलेला, एक हात बैलाच्या पाठीवर आणि नजर दुसऱ्याच कुणा मुलीच्या पायांवर. मी खो दिलेला असे. निदान माझ्या मते दिलेला असे. पुढची मुलगी जागची हललेली नसे. मग लिंबाखालून तो आवाज येई. त्यात राग नसे. दुकानदारानं 'साखर संपली' असं सांगावं, तितक्या साधेपणानं त्या सांगत, "ऐकू आलं न्हाई, बाय."

तुम्हीही शाळेत असताना अशी माणसं पाहिली असतील. पटावर त्यांचं नाव नसतं, गॅदरिंगच्या फोटोत त्यांना कुणी बसवत नाही, पण मैदान आठवलं की आधी तीच आठवतात. मला कोपरगावचं मैदान आठवलं की एक दमणी, म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी, आठवते, सोडलेले दोन खिल्लारी बैल आठवतात आणि त्यांच्यामध्ये उभ्या असलेल्या त्या.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा माझे वडील कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले. तोवर मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. मुलीचा आवाज शेजारच्या बाकापलीकडे जाता कामा नये, अशी तिथल्या सिस्टर्सची शिकवण होती. बाकीचे विषय मला बेताचे यायचे, पण हा मला फारच चांगला आला होता. कोपरगावच्या हायस्कुलात मुलगे ढीगभर आणि मुली मूठभर. खो-खोचा संघ करायचा तर नऊ मुली लागतात. हेडमास्तरांनी सगळे वर्ग पालथे घालून आठ जमवल्या. नववी मी. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि नाही म्हणण्याइतका आवाज माझ्यापाशी नव्हता.

पहिल्या दिवशी मला धावणारीच्या मागे सोडलं. धावत धावत मी एका बसलेल्या मुलीपाशी आले, तिच्या पाठीला हात लावला आणि तोंडातून निघालं, "सॉरी!"

सगळी रांग मागे वळून हसली. त्या दिवसापासून माझं नाव 'सॉरी' पडलं. "ए सॉरी, पाणी आण." "सॉरी आली का गं?" मी ओ देत असे. दुसरं काय करणार?

लिंबाखालच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या भाचीला विचारलं, "सॉरी म्हंजी काय गं?"

"माफ करा असं म्हनत्यात इंग्रजीत."

"खो देताना माफी?" त्या म्हणाल्या. "मंग पळनारीची मागावी. बसलेलीची कशापायी?"

ही भाची म्हणजे हौसा. आमच्या संघातली सगळ्यात चपळ मुलगी. ती त्यांना 'आत्या' म्हणे, म्हणून आम्ही सगळ्या 'आत्याबाई' म्हणू लागलो. पुढे हेडमास्तरही तेच म्हणू लागले. त्यांचं खरं नाव गावात कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही; मी ते विचारलं नाही, आणि आता लिहावंसं वाटत नाही.

आत्याबाईंचं सासर लवकर सुटलं होतं. भावानं कोपरगावजवळ मळा घेतला होता; त्या तिथे राहायला आल्या आणि हळूहळू मळाच चालवू लागल्या. त्या मळ्याला एक मालक आहे आणि तो त्यांचा भाऊ आहे, याची लोकांना आठवण करून द्यावी लागे. हौसाला शिकवायचं हेही त्यांनीच ठरवलं होतं. मळा गावापासून लांब, म्हणून रोज दमणी जुंपून त्या स्वतः तिला शाळेत आणत आणि संध्याकाळी न्यायला येत. बाईमाणसानं कासरा हातात धरून बाजारातून गाडी हाकावी हे काही जणांना खटकायचं. एकदा वेशीपाशी कुणी म्हणालं, "गडी न्हाई का कोनी घरात?" आत्याबाई म्हणाल्या, "हाय की. त्यो बसलाय तुमच्यावानीच पारावर." आणि गाडी पुढे नेली.

शाळा सुटून मुलींचा खेळ संपेपर्यंत त्यांना थांबावं लागे. आमच्या शाळेत ड्रिलमास्तर होते, पण ते फक्त मुलांचे. मुलींकडे बघा असं हेडमास्तरांनी सुचवलं तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "साहेब, मुलींना मी काय सांगणार? आणि सांगितलंच तर त्यांचे वडील मला काय सांगतील?" त्यामुळे आम्ही आपल्या मनानं खेळत होतो. एकदा एकाच खोला दोघी उठल्या आणि कपाळावर कपाळ आपटून दोघी रडायला लागल्या. आत्याबाईंनी बैलांपुढे पेंढी टाकली, आत आल्या आणि आम्हाला एकेकीला खांद्याला धरून जागेवर बसवलं.

"आदी बसायला शिका," त्या म्हणाल्या. "पळायचं काय, कुत्रं मागं लागलं की कुनाला बी पळता येतं."

नेवाशाकडच्या त्यांच्या माहेरगावी, प्रवरेच्या वाळूत, लहानपणी त्या खेळलेल्या होत्या. लग्न झालं आणि खेळ थांबला. एवढंच त्यांनी एकदा सांगितलं, आणि तेही बैलाच्या मानेवरची गोचीड काढता काढता.

त्या दिवसापासून त्या रोज आत येऊ लागल्या. बसण्याचं त्यांना भारी अगत्य. टाचा कशा, हात जमिनीला कुठे, मान किती वळवायची. "बसली का नीट?" हे त्यांचं पहिलं वाक्य. मला बसणं चांगलं जमे. गप्प राहून, समोर बघत, मागचा कानोसा घेत बसायचं. आयुष्यभर मी तेच तर करत आले होते. "ही पोर बसायला लई गुनाची," त्या इतर मुलींना सांगत. मग माझी धावायची पाळी येई, मी कुणाला तरी खो देई आणि लिंबाखालून नेहमीचं वाक्य येई.

दुसरी त्यांची शिस्त रेघेची. मधल्या पाटीवर, म्हणजे बसलेल्यांच्या रांगेच्या पट्ट्यावर, धावणारीचा पाय पडता कामा नये. एकदा सरावात हौसाचा पाय पडला. धूळ उडत होती, आमच्यापैकी कुणाला काही दिसलं नाही. आत्याबाईंनी खेळ थांबवला.

"हौसे, पाय कुटं पडला?"

"कुटं न्हाई, आत्या."

"मला नगं सांगू. पायाला विचार."

हौसानं खाली बघितलं. ती मुकाट्यानं मागे जाऊन बसली. पुढे आमच्यात तो रिवाजच झाला. कुणी वाद घातला की दुसरी म्हणे, "पायाला विचार." वर्गात पेन्सिल हरवली तरी आम्ही एकमेकींना तेच सांगायचो.

त्या वर्षी हेडमास्तर अडचणीत होते. शाळेच्या समितीतल्या काही गृहस्थांना मुलींचा खेळ पसंत नव्हता. एक जण म्हणाले होते म्हणे, "कापड रेशनवर मिळतंय आणि या पोरी ते मैदानावर फाडताहेत." हेडमास्तरांनी आम्हाला व्हरांड्यात बोलावलं. भला माणूस, मुलींशी बोलताना कायम खांबाकडे बघून बोलायचे.

"नगरला जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत," ते खांबाला म्हणाले. "एक सामना जिंकून आणा. एकच. मग मला समितीपुढे बोलायला तोंड राहील. नाहीतर पुढच्या वर्षी मुलींचं मैदान बंद, त्याऐवजी शिवणाचा जादा तास."

हौसा हळूच म्हणाली, "मंग मी शाळाच सोडते." ती गंमत करत नव्हती. खेळासाठीच ती शाळेत टिकून होती, हे आम्हाला ठाऊक होतं आणि आत्याबाईंनाही.

त्याच आठवड्यात एका रविवारी आत्याबाईंनी मला मळ्यावर बोलावलं. एकटीला. कापणी झालेल्या मोकळ्या वावरात त्या स्वतः खो-खोतल्यासारख्या बसल्या, उसाकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ. बांधावर हौसा शेंगा फोडत बसली होती.

"मी बसते. तू मागनं ये आन खो दे. ऐकू आला तरच उठीन."

मी गेले, पाठीला हात लावला, म्हटलं, "खो."

"पाठीला काय तरी लागलं," त्या म्हणाल्या. "माशी असंल."

हौसा शेंगा सांडून हसली. मी परत गेले, परत आले. परत माशी. असं किती वेळ चाललं कोण जाणे. ऊन उतरलं. त्या काही उठल्या नाहीत. शेवटी पाठ तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "घरात आईला हाक कशी मारतीस गं?"

"जवळ जाऊन."

"आन आई लांब असली तर?"

"मग वाट बघते."

त्या म्हणाल्या, "लई वाट बघितली असशील मंग."

मी पायानं ढेकूळ फोडत उभी राहिले.

"ह्ये बघ, बाय. म्होरं जी बसलीया तिला मागं डोळं नसत्यात. ती तुज्या भरवशावर बसलीया. तू बोलली न्हाईस तर ती बसूनच ऱ्हाती. तुला लाज वाटती, पर बसलीया ती."

गोठ्यातून म्हैस ओरडली. धारेची वेळ झाली होती. आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, लुगड्याची माती झटकली.

"म्हशीनं हाक मारली म्हनून उठले. तुज्या खोला न्हाई. त्यो खो ऱ्हायला हाय अजून."

मग त्यांनी मला चुलीपुढे बसवून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली, आणि निघताना हातात ऊस दिला. मी कारखान्यातल्या केमिस्टाची मुलगी, आमच्याकडे उसाला काय तोटा? पण तो ऊस मी घरी कुणाला दिला नाही.

स्पर्धेच्या जरा आधी परिपत्रक आलं. हेडमास्तरांनी ते व्हरांड्यात वाचून दाखवलं. शाळेच्या नोकरीत असलेल्या शिक्षकाखेरीज कोणीही संघाबरोबर मैदानाच्या दोरीच्या आत येऊ नये. बाहेरच्या कोणी खेळाडूंना शब्दानं किंवा खुणेनं सूचना दिल्यास तो संघ बाद धरला जाईल. कारणही होतं. आदल्या वर्षी एका शाळेच्या मुलांना फुकट शिकवणारे तालमीतले एक वस्ताद निकाल न पटून आत शिरले होते आणि त्यांनी पंचांना अलगद उचलून दोरीबाहेर नेऊन ठेवलं होतं.

आम्ही सगळ्या आत्याबाईंकडे बघायला लागलो. हेडमास्तर खांबाकडे बघत म्हणाले, "एक वाट आहे, आत्याबाई. शिवणाच्या शिक्षिका म्हणून तुमचं नाव हजेरीपटावर घालतो. स्पर्धेपुरतं."

"मास्तर, मला सुईत दोरा ओवता येत न्हाई."

"कोण बघायला येतंय?"

"कोनी येत न्हाई, ठावं हाय मला." आत्याबाईंनी मान खाली घालून आपल्या पायांकडे बघितलं. त्यांच्या पायांत जोडवी नव्हती. टाचांना मळ्याच्या भेगा होत्या. "पायाला विचारलं मी. त्यो म्हनतो, रेघंवर पडतोय."

हेडमास्तरांनी पहिल्यांदाच खांबाकडे बघायचं सोडलं.

हौसा रडायला लागली. "तू आत न्हाई आलीस तर आमी हरतो बघ, आत्या. मंग शाळा बी गेली."

"येनार हाय की. तिकीट काढून येनार. दोरीबाहेर कोनी बी उभं ऱ्हातं." मग हेडमास्तरांना म्हणाल्या, "नेम वंगाळ न्हाई, मास्तर. पोरींच्यात उद्या कोन बी घुसंल, मंग काय करायचं? ह्या बारीला त्यो माज्यावर पडला, येवढंच."

अशा रीतीनं आमच्याबरोबर दोरीच्या आत जायचं ड्रिलमास्तरांवर आलं. रेल्वेत ते आमच्यापासून चार बाकं लांब बसले होते. डब्यात सोल्जर होते, ट्रंका होत्या, कोंबड्यांची टोपली होती. नगर जवळ आलं तेव्हा ड्रिलमास्तर उठून आत्याबाईंपाशी आले आणि टोपी काढून म्हणाले, "मी काय सांगू यांना?"

"काय बी सांगू नगा, मास्तर. पानी द्या. आन लेफ्ट-राईट म्हनू नगा."

"नाही म्हणत," ते म्हणाले, आणि बिचारे खरंच म्हणाले नाहीत.

नगरचं मैदान आमच्या मैदानाच्या दुप्पट होतं. चारी बाजूंनी दोरी. दोरीपलीकडे माणसंच माणसं. समोर नगरच्याच एका मोठ्या शाळेच्या मुली होत्या, सगळ्या एकसारख्या पातळात, काचे मारलेल्या. पहिल्या डावात त्यांनी पाठलाग केला आणि आम्ही पळालो. आत्याबाई अगदी दोरीला लागून उभ्या होत्या. तोंड घट्ट मिटलेलं. पण हात! हौसा पळायला लागली की त्यांचा उजवा हात आपोआप वळे; खांबाशी गेली की पंजा उघडे. त्यांना ते कळतही नव्हतं. वर्षभर ते हात आमच्याशी बोलत आलेले.

समोरच्या शाळेच्या बाईंनी तक्रार केली. पंच दोरीपाशी गेले. "बाई, खुणा करू नका. पुन्हा हात हलला तर तुमचा संघ बाद करावा लागेल."

आत्याबाईंनी आपल्या हातांकडे असं बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. "चुकलं, सायेब," त्या म्हणाल्या. त्यांनी हात पदरात गुंडाळून पाहिले. ते पदराखाली हलायला लागले. मग त्या वळल्या, मैदानाकडे पाठ केली आणि दोरीबाहेर, गर्दीच्या पायांशी, खो-खोत बसतात तशा खाली बसल्या. टाचा बरोबर, हात जमिनीला टेकलेले. एका माणसानं विचारलं, "बाई, खेळ इकडं हाय, तिकडं काय बघता?" "बघत न्हाई," त्या म्हणाल्या. "ऐकती."

दुसरा डाव आमचा, पाठलागाचा. मी बसले होते ती जागा नेमकी त्यांच्या बाजूला तोंड असलेली. गर्दीच्या पायांमध्ये त्यांची पाठ दिसत होती. पाठीवर लुगड्याचा काठ सरळ, जराही न हलणारा.

मला खो मिळाला, मी धावले. पुढे पळणारी मुलगी हाताला लागेना. मी आमच्या एका मुलीला खो दिला. ती उठली आणि शिट्टी वाजली.

"खो ऐकू आला नाही. मागे!"

पंचांचं मराठी शुद्ध होतं, पण वाक्य तेच. पळणारी सुटली. ड्रिलमास्तर पाण्याची कळशी धरून आभाळाकडे बघत राहिले. ती पाठ हलली नाही. मागे काय झालं ते त्या पाठीला कळलं होतं, हे मला इतक्या लांबून दिसत होतं.

डाव संपत आला. त्यांनी आमच्या जेवढ्या मुली बाद केल्या होत्या, तेवढ्याच आम्ही त्यांच्या केल्या होत्या. आणखी एक हवी होती. पंच हातातल्या घड्याळाकडे बघत होते. पुन्हा मी धावत होते. माझ्यापुढे त्यांची एक उंच मुलगी होती, वेणी कमरेला खोचलेली. तिनं हुलकावणी दिली आणि आमच्या बसलेल्या दोघींमधल्या फटीतून पलीकडे गेली. मधली पाटी ओलांडून मला पलीकडे जाता येत नव्हतं. पलीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून हौसा बसली होती. तिच्याही पलीकडे दोरी, आणि दोरीपलीकडे तशीच बसलेली आणखी एक पाठ.

दोघी माझ्या भरवशावर बसल्या होत्या. एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. शाळा, समिती, शिवणाचा तास, काही नव्हतं. हौसाच्या पाठीवर हात पडला आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

"खो!"

हौसा सुटली. मी तिच्या जागी बसले, टाचा नीट टेकवून, समोर बघत. समोर हौसा धावत होती. त्यापलीकडे गर्दीत, मैदानाकडे पाठ तशीच ठेवून, आत्याबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

शिट्टी वाजली. हौसानं तिला गाठलं होतं. मुली किंचाळत एकमेकींच्या अंगावर पडल्या. ड्रिलमास्तरांनी आनंदाच्या भरात कळशीतलं सगळं पाणी ओतून टाकलं, आणि मग आम्हाला प्यायला पाणी उरलं नाही. आत्याबाई अजून पाठमोऱ्याच उभ्या होत्या. कुणीतरी जिंकल्याचं सांगितल्यावरच त्या वळल्या.

दुपारी दुसऱ्या सामन्यात आम्ही सपाटून हरलो. त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. एकच हवा होता, तो झाला होता.

परतीच्या गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले. मुली पेंगत होत्या. बरंच अंतर गेल्यावर मी धीर करून विचारलं, "आत्याबाई, तुम्ही मध्येच का उठलात?"

हा काय प्रश्न झाला, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"खो मिळाला. खो मिळाला की उठायचं. नेम हाय."

आणि मग खिडकीबाहेर बघत राहिल्या. राहुरी गेलं, बेलापूर गेलं. मी काही बोलले नाही. पण ते गप्प बसणं निराळं होतं.

हेडमास्तरांना समितीपुढे बोलायला तोंड मिळालं. त्यांनी स्पर्धा भरवणाऱ्यांनाही लिहिलं, की पगार न घेता शिकवणाऱ्या माणसाची हमी हेडमास्तरनं द्यावी आणि त्याला आत येऊ द्यावं. इतर शाळांनीही लिहिलं असावं. पुढच्या वर्षी नियमात तशी सोय झाली. मी ते परिपत्रक स्वतः वाचलं आणि धावत मैदानावर गेले. लिंबाखाली दमणी नव्हती.

हौसानं त्या वर्षी शाळा सोडली नाही. पण सुट्टीत तिचं लग्न झालं, राहात्याकडे, आणि शाळा सुटली. तिनं ते आनंदानं केलं की नाही हे मी विचारू शकले नाही. लग्नात ती पाटावर बसलेली असताना मी मागून जाऊन हळूच म्हटलं, "खो." ती हसली आणि मग रडली.

आत्याबाई मला नंतर सोमवारच्या बाजारात भेटल्या. मी नव्या नियमाचं सांगितलं. म्हटलं, "आता तुम्हाला आत येता येईल."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बरा नेम केला."

"मग येणार ना?"

"माजी पोर न्हाई आता शाळंत. काय म्हनून गाडी उभी करू?" त्यांनी वांगं दाबून बघितलं, परत ठेवलं. "आन तू हाईस की. नव्या पोरींना बसायला शिकव."

मी शिकवलं. लिंबाखाली उभी राहून मी लहान मुलींना विचारत असे, "बसली का नीट?" एका मुलीचा खो तोंडातच राही. तिला मी सांगत असे, "ऐकू आलं नाही." तिला ते लागू नये म्हणून तिच्याकडे न बघता सांगत असे. आत्याबाई माझ्याकडे का बघत नसत, ते तेव्हा मला कळलं.

मॅट्रिक झाल्यावर मी कॉलेजसाठी पुण्याला निघाले. कोपरगाव स्टेशन सुटलं आणि थोड्या वेळात फाटक आलं. त्यांच्या मळ्याची वाट रूळ ओलांडते तिथलं ते फाटक. ते बंद होतं आणि पलीकडे एक दमणी थांबलेली होती. बैल गाडीला बिचकतात म्हणून दमणी उलटी वळवून उभी केली होती. कासरा आवळून धरलेला. रुळांकडे पाठ.

मी खिडकीतून बाहेर वाकले. डब्यात वडील होते, अनोळखी माणसं होती, एक सोवळ्यातल्या आजीबाई होत्या.

"खो!"

आजीबाई दचकल्या. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी माझा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

दमणीतली पाठ उठली. एका हातात कासरा, दुसऱ्या हातानं पदर सावरत आत्याबाई वळल्या. गाडी फाटक ओलांडून पुढे गेली होती, चाकांचा खडखडाट चालला होता. त्यांनी हात वर केला, आणि त्या काहीतरी म्हणाल्या.

मला ऐकू आलं नाही.